जत्रा, किल्ला आणि पांढरीचे टेकाड : धाराशिव जिल्ह्यातील कौटुंबिक प्रवास-शिक्षणाचा इतिहास

धाराशिव जिल्ह्यात मुलांना सोबत घेऊन केलेला प्रवास हे शिक्षणाचे साधन शाळेपेक्षा कितीतरी जुने आहे. कुळाचार, नवस, वारी, बाजार, सोयरीक अशा कोणत्या ना कोणत्या कामासाठी घर बाहेर पडे आणि लहान मुलेही बरोबर असत. त्यांना शिकवावे असा वेगळा हेतू नसे. तरीही नदी कुठून येते, अमुक देवळात कोणती ओवी म्हणतात, किल्ला कोणी बांधला, बैलाची पारख कशी करतात हे सारे वाटेतच कानावर पडे. शाळेत न घालता मुलांना घरीच शिकवणारी कुटुंबे आज महाराष्ट्रात आहेत. प्रवासातून शिकण्याची जी रीत ती शोधतात, ती या जिल्ह्यात शतकानुशतके चालत आली आहे.

या प्रवासाचे सर्वांत जुने ठिकाण म्हणजे तेरणाकाठचे तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत ‘तगर’ या मोठ्या बाजारपेठेचा उल्लेख येतो. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या गावातून साधे कापड, मलमल आणि इतर माल गाड्यांवर लादून थेट भडोचच्या बंदरापर्यंत जाई. टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे. पुढे शिलाहार राजांनी ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवले. मात्र हे तगर नेमके कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कोणी दौलताबादकडे बोट दाखवले, कोणी जुन्नरकडे. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असे सप्रमाण मांडले. पाठोपाठ भारतीय पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी येथील विटांची मंदिरे आणि टेकाडे पाहून सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. गाव तोवर शेकडो वर्षे नांदतेच होते. भाविकही येतच होते, पण ते तगरसाठी येत नव्हते, गोरोबाकाकांसाठी येत होते.

संत गोरा कुंभार हे ज्ञानेश्वर आणि नामदेव यांचे समकालीन. चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांची पुण्यतिथी असते आणि तेरला मोठी यात्रा भरते. या यात्रेत लहान मुलांना हमखास सांगितली जाणारी कथा थापटण्याची. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटण्याने हलकेच मारून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे पारखले. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. ही कथा ऐकून संपत नाही, कुंभाराच्या अंगणात ती पाहताही येते. मडक्याच्या आतून गोल दगडाचा आधार द्यायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत भिंत पातळ करत न्यायची. भाजून निघालेले मडके बोटाने वाजवले की खणखणते, कच्चे किंवा तडकलेले बद्द वाजते. भक्तीची कसोटी आणि मातीची कसोटी मुलाला एकाच फेरीत कळावी, अशी सोय फार थोड्या तीर्थांवर असेल.

तुळजापूरची गोष्ट याहून मोठी आहे. बालाघाटच्या डोंगरकड्यावर वसलेली तुळजाभवानी महाराष्ट्रातल्या असंख्य घराण्यांची कुलदेवता. त्यामुळे लग्नानंतर, बाळाच्या जन्मानंतर किंवा नवस फेडायला कुटुंबाला तेथे जावेच लागे. कल्लोळ तीर्थावर स्नान, गोमुखाचे पाणी, मग पायऱ्या उतरून देवीचे दर्शन हा क्रम मुलांना पाठ होई. ज्या घराण्याचा जो पुजारी, त्याच्याकडे उतरायचे, ही रीत. पुजाऱ्याच्या वहीत आजोबा-पणजोबांची नावे सापडली की आपला वंश, आपले मूळ गाव, आपल्या कुळाच्या शाखा कोठे पांगल्या हे मुलांना प्रथमच कळे. रात्री गोंधळ असे. संबळ आणि तुणतुण्याच्या साथीवर गोंधळी जी आख्याने सांगत, त्यांत पुराण होते तसाच शिवकाळही होता. अफझलखान १६५९ मध्ये प्रतापगडाकडे जाताना तुळजापुरावर चालून आला, ही परंपरा या भागातल्या मुलांना पाठ्यपुस्तकाआधी गोंधळातून ठाऊक असे.

या जत्रेतली एक वस्तू जवळून पाहण्याजोगी आहे. देवीचे उपासक आराधी आणि पुजारी भोपे गळ्यात कवड्यांची माळ घालतात. कवडी ही समुद्रातली. तिचा मोठा पुरवठा मालदीव बेटांकडून होई आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत ती भारताच्या अनेक भागांत सुटे चलन म्हणून चालत असे. समुद्रापासून इतक्या दूर, पठारावरच्या देवीच्या गळ्यात ती कशी आली हे विचारणाऱ्या मुलाला व्यापाराचा इतिहास आपोआप उलगडतो. येडशीच्या पुढे येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत चुनखडीचे खडे वेचण्याचा विधी होतो. तिथेही श्रद्धा आणि भूगर्भाचा धडा एकाच शेतात भेटतात.

तुळजापूरहून सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागले की नळदुर्ग. येथे इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादीन या वास्तुतज्ज्ञाने बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणी महाल बांधला. बांधावरून पाणी समोर कोसळत असते आणि आत महालात बसलेला माणूस कोरडा राहतो. सांडव्यावरून पडणाऱ्या दोन धारांना लोक नर आणि मादी म्हणतात. हे दृश्य चांगला पाऊस झालेल्या वर्षीच दिसते, कारण मराठवाड्यातली नदी दरवर्षी भरून वाहीलच असे नाही. म्हणूनच जुन्या पिढीतली माणसे ‘नर-मादी सुरू झाली’ असे कळताच मुलांना घेऊन निघत. नळदुर्गचा आणखी एक धडा खंडोबाचा. देवाची मूर्ती वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला आणि उरलेले पावणेदोन महिने नळदुर्गला असते. दोन गावांनी एक देव वाटून घेतला आणि तो करार पाळला. नागरिकशास्त्राचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडायचे नाही.

मुलांना दाखवावा असा दुसरा किल्ला परंड्याचा; तो भुईकोट आहे. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशाहाला पुढे करून याच किल्ल्यातून राज्य पुन्हा उभे केले. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ आधी परंड्यालाच होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली.

धाराशिव शहराजवळच्या लेण्यांची पद्धतशीर पाहणी जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामात केली. मोठ्या लेण्याची रचना अजिंठ्याच्या विहारांची आठवण करून देते, तर आत पार्श्वनाथाची मूर्ती आहे. ही लेणी मुळात बौद्ध की जैन यावर अभ्यासकांत मतभेद राहिले. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात करकंड राजाला तेरापूरजवळ लेण्यांत पार्श्वनाथाची मूर्ती सापडल्याची कथा आहे. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीला जाणारी जैन कुटुंबे हीच परंपरा पुढे नेतात. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये सल्लेखना घेतली ती तेथेच. त्या परिसरातल्या खव्याच्या भट्ट्याही मुलांनी पाहाव्यात. मोठ्या कढईत दूध सतत ढवळत आटवायचे, जरा हात थांबला की ते तळाला लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभाराची तसेच वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी घरांतल्या मुलांचा आपल्या भाषेतला इतिहास शाळेत फारसा नव्हता. तो जत्रेत, कीर्तनात आणि वारीत होता. या उणिवेला संघटित उत्तर मिळाले ते लोहारा परिसरातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून. १९२१ मध्ये सुरू झालेल्या या शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवले. पुढे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत चाललेल्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे ते नेते झाले. सरकारी चाकोरीबाहेर राहून मुलांना शिकवण्याचा या जिल्ह्यातला हा सर्वांत धाडसी प्रयत्न म्हटला पाहिजे.

ही शाळा सुरू होण्याआधीच प्रवासाचे साधन बदलले होते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी दरम्यान धावू लागली आणि टप्प्याटप्प्याने येडशी, ढोकीवरून १९११ मध्ये लातूरला पोचली. पंढरपूरलाही ती जोडली गेली. बैलगाडीची कित्येक मुक्कामांची वाट एका दिवसात आली. अरुंद रुळांवरच्या या धिम्या गाडीत बायका-मुलांसह वारीला जाणे सामान्य शेतकऱ्यालाही परवडू लागले.

प्रवासातून शिकण्याला जिल्ह्यात कायमचे घर मिळाले ते मात्र एका व्यापाऱ्यामुळे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवर पावसाने उघड्या पडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, दिवे, मृण्मूर्ती असा हजारो वस्तूंचा हा संग्रह शासनाकडे आला आणि आज तो त्यांच्याच नावाच्या संग्रहालयात आहे. बा. ना. चापेकर यांनी १९५८ मध्ये येथे केलेल्या उत्खननाने सातवाहनकालीन नगराचे थर उजेडात आणले. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले, म्हणजे हा संबंध त्याआधीचा. मृण्मूर्तींच्या कडेला नीट पाहिले तर वरून खाली जाणारी सांध्याची रेघ दिसते. पुढचा आणि मागचा असे दोन साचे वेगवेगळे भरून ते चिकटवत, म्हणून बाहुली आतून पोकळ राही. येथल्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. मातीत मिसळलेला भुसा भट्टीत जळून गेला की आत बारीक पोकळ्या उरतात आणि वीट हलकी होते. अशाच विटांच्या त्रिविक्रम मंदिराची मागची बाजू अर्धगोल आहे. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या उभ्या बांधीव मंदिरांत त्याची गणना होते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा हक्क ठरवला. घरी शिकवण्याबद्दल कायदा स्पष्ट बोलत नाही. अशी मुले पुढे बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेला बसतात. त्यांच्या पालकांना हा जिल्हा फार उपयोगाचा आहे, पण एका दिवसात तेर, तुळजापूर आणि नळदुर्ग उरकणाऱ्या गाडीतून नव्हे. तेरला पूर्ण दिवस द्यावा. आधी कुंभाराचे अंगण, मग संग्रहालय, शेवटी त्रिविक्रम मंदिर असा क्रम ठेवावा, म्हणजे वस्तू पाहताना हात कसा चालला असेल हे मुलाला आधीच ठाऊक असते. नळदुर्ग पावसाळ्याच्या अखेरीला पाहावा. तुळजापूरला ऐन नवरात्राच्या गर्दीत लहान मुले नेण्यापेक्षा इतर दिवशी पुजाऱ्याकडे बसून वहीतली नावे वाचावीत.

तेरच्या टेकाडांवर पहिल्या पावसानंतर आजही मणी आणि खापरे वर येतात. मुलाच्या हाती असे काही लागले तर ते खिशात घालून घरी नेऊ नये. जागा लक्षात ठेवावी आणि वस्तू गावातच, संग्रहालयात नेऊन द्यावी.