सरकता कळफलक : उदय आणि अस्त

मनुष्याच्या हातांतील साधनांचा इतिहास राज्यांच्या इतिहासाइतकाच उद्बोधक असतो. राज्य लयास गेलें तरी सनदांत आणि बखरींत त्याचें नांव उरतें; परंतु साधन लयास गेलें म्हणजे तें अडगळीच्या खोलींत जातें, आणि तें कशासाठीं होतें हेंही पुढील पिढीला समजावून सांगावें लागतें. बोरू, दौत आणि शाई टिपण्याची वाळू यांची हीच गत झाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं, अवघ्या दहा-बारा वर्षांत, एका चतुर साधनाचीही तीच गत झाली. तें साधन म्हणजे सरकत्या कळफलकाचा स्मार्टफोन होय.

हा फोन वरून पाहतां इतर फोनांसारखाच दिसे. परंतु तो आडवा धरून अंगठ्यांनीं पडद्याला किंचित् रेटा दिला कीं, शाळकरी मुलांच्या लाकडी पेटीचें झाकण सरकावें तसा पडदा वर सरके, खट् असा आवाज होई, आणि खालून टाइपरायटरच्या धर्तीच्या बारीक कळांच्या रांगा प्रकट होत. लेखन संपलें कीं पडदा पूर्ववत् जागीं बसे. श्रोत्यांपैकीं कित्येकांनीं असा फोन वापरला असेल. तरुण श्रोत्यांनीं कदाचित् पाहिलाही नसेल. हें साधन निर्माण कां झालें, तें इतकें प्रिय कां झालें, आणि इतक्या लवकर नाहींसें कां झालें, या तीन प्रश्नांचा विचार केला असतां असें दिसून येतें कीं, ज्या गुणामुळें तें लोकांस आवडलें त्या गुणांतच त्याच्या अस्ताचें बीज होतें. मराठी लिहिणारांच्या दृष्टीनें तर हा अस्त म्हणजे निव्वळ हानि नव्हे.

या कळांचें मूळ शोधूं लागल्यास दीडशें वर्षें मागें जावें लागतें. अमेरिकेंतील मिल्वॉकी शहरांत ख्रिस्तोफर लॅथम शोल्स व त्याचे सहकारी यांनीं १८६८ सालीं टाइपरायटरचें पेटंट घेतलें, आणि १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीचें यंत्र बाजारांत आलें. क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय हा अक्षरक्रम त्या यंत्राबरोबर रूढ झाला. पुढें संगणकानें तो जसाच्या तसा उचलला. मोबाइल फोन मात्र टेलिफोनच्या वंशांतील असल्यामुळें त्यावर बाराच कळा होत्या. एकेका कळेवर तीन-चार अक्षरें असत, आणि इंग्रजी 'सी' उमटवावयाचा तर एकच कळ तीनदां दाबावी लागे. दोन ओळींचा निरोप लिहितांना बोटें दमून जात. फोनवर पत्र लिहिणें, तार पाठविण्याइतकेंच शब्द मोजून करण्याचें काम होतें.

ही अडचण दूर करण्याचा एक मोठा प्रयत्न फिनलंडच्या नोकिया कंपनीनें १९९६ सालीं केला. तिचा '९००० कम्युनिकेटर' हा फोन पेटीसारखा उघडे आणि आंत पूर्ण कळफलक असे. परंतु त्याचें वजन ३९७ ग्रॅम होतें. खिशांत घालावयाच्या वस्तूला हें वजन फार झालें. त्यानंतर अमेरिकेंत डेंजर नांवाच्या कंपनीनें २००२ सालीं 'हिपटॉप' नांवाचा फोन काढला. तो टी-मोबाइल कंपनीच्या 'साइडकिक' या नांवानें प्रसिद्धि पावला. याचा पडदा अर्धवर्तुळांत गर्रकन् फिरे आणि खालचा कळफलक मोकळा होई. तरुणांना या फोनची मोठी हौस वाटे. त्याहूनही लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, अमेरिकेंतील कर्णबधिर लोकांनीं हा फोन फार आपुलकीनें स्वीकारला. ज्यांना फोनवरील आवाज ऐकूं येत नाहीं, त्यांच्या दृष्टीनें वेगानें लिहितां येणें हेंच बोलणें होय. त्यांना या कळांनीं वाटेल तेथून संभाषणाची सोय करून दिली.

या फोनधारकांचे पत्ते, टिपणें आणि चित्रें कंपनीच्या दूरच्या संगणकांत साठविलीं जात. डेंजर कंपनी २००८ सालीं मायक्रोसॉफ्टकडे गेली, आणि ऑक्टोबर २००९ मध्यें त्या संगणकांत बिघाड होऊन असंख्य लोकांची माहिती एकाएकीं दिसेनाशी झाली. पुढें तिचा बराच भाग परत मिळाला; परंतु विश्वास उडाला तो उडालाच. ३१ मे २०११ रोजीं ही सेवा बंद झाली. वस्तु स्वतःच्या खिशांत असली तरी तिचा प्राण दुसऱ्याच्या घरीं ठेवलेला असूं शकतो, हा धडा त्या वेळीं पुष्कळांना मिळाला.

डेंजर कंपनीच्या संस्थापकांपैकीं अँडी रुबिन यानें पुढें २००३ सालीं सहकाऱ्यांसह अँड्रॉइड नांवाची कंपनी स्थापन केली, आणि २००५ सालीं गूगलनें ती विकत घेतली. याच सुमारास तैवानची एचटीसी कंपनी सरकत्या कळफलकाचे फोन तयार करण्यांत निष्णात झाली होती. तेव्हां अँड्रॉइडचा पहिला फोन एचटीसीनें घडवावा आणि त्याला सरकता कळफलक असावा, हें क्रमप्राप्तच होतें. 'ड्रीम' अथवा 'जी-१' या नांवाचा तो फोन २३ सप्टेंबर २००८ रोजीं न्यूयॉर्क येथें जाहीर झाला आणि पुढील महिन्यांत विक्रीस आला. त्याचा पडदा ३.२ इंचांचा, जाडी सुमारें १७ मिलिमीटर व वजन १५८ ग्रॅम होतें. कळांच्या पांच रांगा होत्या, म्हणजे आंकड्यांना स्वतंत्र रांग मिळाली होती.

या फोनची एक गोष्ट आज विस्मयकारक वाटेल. त्याच्या पडद्याला बोटाचा स्पर्श कळत असे, परंतु पडद्यावर अक्षरें टंकण्याची सोयच नव्हती. एखादें नांव शोधावयाचें झालें तरी फोन आडवा करावा, पडदा सरकवावा, दोन अक्षरें दाबावीं आणि पुन्हा मिटावा, असा खटाटोप करावा लागे. एप्रिल २००९ मध्यें अँड्रॉइडची १.५ ही आवृत्ति आली आणि तिच्यांत पडद्यावरचा कळफलक प्रथम दिसला. ज्या आवृत्तीनें या फोनधारकांची एक अडचण दूर केली, तिनेंच त्यांच्या आवडत्या कळांची गरजही संपविण्यास आरंभ केला.

२००९ हें वर्ष सरकत्या कळफलकाच्या भरभराटीचें होय. त्या वर्षीं नोकियाचा 'एन-९७', मोटोरोलाचा 'ड्रॉइड' आणि नोकियाचाच 'एन-९००' असे तीन नामांकित फोन बाजारांत आले. यांपैकीं 'एन-९००' हा तर खिशांतील संगणकच होता. त्याची मेमो ही कार्यप्रणाली लिनक्सच्या पायावर उभारलेली होती. त्यांत ३२ गिगाबाइट साठवण होती, आणि कळा तीनच रांगांच्या असून शब्दांतील अंतराची कळ मध्यभागीं नसून उजव्या बाजूस होती. नव्या माणसाचा अंगठा प्रथम चुके. महिन्याभरांत तोच अंगठा न पाहतां तेथें जाई. जाणकार मंडळी या फोनवर संगणकाला द्यावयाच्या आज्ञा लिहीत आणि दूरचीं यंत्रें चालवीत. कंपनीनें त्याचें उत्पादन थांबविल्यावरही हौशी लोकांनीं कित्येक वर्षें स्वतःच्या श्रमानें त्यासाठीं नव्या प्रणाली रचल्या. अशी निष्ठा फार थोड्या फोनांच्या वांट्यास आली.

या निष्ठेचें कारण काय? पहिलें कारण, बोटाला मिळणारी खात्री. प्रत्येक कळेला कडा होती, उंचवटा होता, आणि दाबली कीं ती दबल्याचें बोटाला कळे. पेटी वाजविणारा वादक स्वरपट्ट्यांकडे पाहत नाहीं, त्याप्रमाणें सरावलेला मनुष्य कळांकडे न पाहतां लिही. दुसरें कारण असें कीं, पडद्यावरचा कळफलक निम्मा पडदा व्यापतो, तर सरकत्या कळफलकाच्या फोनवर सगळा पडदा वाचावयास मोकळा राही. तिसरें कारण सांगावयास किरकोळ, परंतु अनुभवानें मोठें. फोन उघडणें आणि मिटणें या क्रियेंतच एक समाधान असे. उघडला म्हणजे लेखनास बसलों, मिटला म्हणजे काम संपलें, अशी ती लहानशी मर्यादा होती.

दोषही थोडे नव्हते. 'जी-१' चा खालचा भाग उचललेला असल्यामुळें उजव्या अंगठ्याला तो ओलांडून कळांपर्यंत पोहोंचावें लागे. 'ड्रॉइड' च्या कळा इतक्या सपाट होत्या कीं, एकीवरून दुसरीवर बोट गेल्याचें चटकन् समजत नसे. फोनचे दोन भाग जोडणारी नाजूक पट्टी दिवसांतून पन्नासदां दुमडे, आणि कालांतरानें तिची झीज होई. फटींत धूळ शिरे. सर्वांत मोठा दोष जाडीचा. 'ड्रॉइड' हा या जातींत सडपातळ गणला गेला. तरी त्याची जाडी १३.७ मिलिमीटर होती, तर २०१० सालचा ॲपलचा 'आयफोन ४' अवघा ९.३ मिलिमीटरांचा होता.

ॲपलनें २००७ सालीं पहिला आयफोन दाखवितांना प्लॅस्टिकच्या कळांवर जो आक्षेप घेतला, तो मननीय आहे. कळा एकदां बसविल्या कीं काम कोणतेंही असो, त्या तेथेंच राहतात व बदलत नाहींत, असा तो आक्षेप होता. सरकत्या कळफलकानें याचें अर्धें उत्तर दिलें. नको तेव्हां तो दृष्टीआड होई. परंतु उरलेल्या अर्ध्याचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें. लपल्या तरी कळा त्याच होत्या. पुढें पडदे मोठे झाले, त्यांवर बोट न उचलतां शब्द रेखाटण्याची युक्ति निघाली, चुकलेला शब्द यंत्र आपणहून दुरुस्त करूं लागलें, आणि कारखानदारांना सरकत्या भागाचा खर्च जड वाटूं लागला. फेब्रुवारी २०१२ मध्यें आलेला मोटोरोलाचा 'ड्रॉइड ४' हा या घराण्यांतील अखेरच्या मान्यवरांपैकीं एक होय. ब्लॅकबेरीनें २०१५ सालीं 'प्रिव्ह' हा फोन काढून आणि लंडनच्या एफएक्सटेक कंपनीनें २०१९ सालीं 'प्रो-१' काढून ही परंपरा जागविली. परंतु हे फोन हौशी मंडळींपुरतेच राहिले.

आतां या इतिहासाकडे मराठी लिहिणाराच्या बाजूनें पाहिलें पाहिजे. सव्वीस रोमन अक्षरें तीन रांगांत बसतात. देवनागरीचें तसें नाहीं. स्वर, व्यंजनें, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरें यांचा संसार मोठा आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं 'इन्स्क्रिप्ट' ही मांडणी ठरविली. तींत डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजनें अशी शास्त्रशुद्ध योजना आहे. परंतु फोनच्या बोटभर कळांवर रोमन अक्षरांच्या जोडीला देवनागरी छापावयाची, तर त्यासाठीं वेगळा सांचा पाडावा लागणार, आणि तो पाडण्याइतकें गिऱ्हाईक मराठींत आहे असें परदेशस्थ कारखानदारांस वाटलें नाहीं. बारा कळांच्या साध्या फोनांवर देवनागरी अक्षरें छापलेलीं मिळत. महागड्या सरकत्या कळफलकावर मात्र तीं नसत. शिवाय प्रारंभींच्या अँड्रॉइड फोनांवर देवनागरी मजकूर आला कीं, अक्षरांच्या जागीं रिकाम्या चौकटी दिसत. परिणामीं ज्याच्या हातीं लेखनाचें उत्तमांत उत्तम साधन होतें, तो मराठी मनुष्य आईला पत्र लिही तें इंग्रजींत, नाहीं तर रोमन अक्षरांत मोडकीतोडकी मराठी लिहून.

महाराष्ट्रानें असा प्रसंग पूर्वींही पाहिला होता. मोडी लिपि बोरूच्या वेगासाठीं होती. हात न उचलतां कारकून तींत झरझर लिही. पुढें छापखाने आले. १८०५ सालीं श्रीरामपूर येथें विल्यम कॅरे याचें मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनीं छापून निघालें. मोडीचेही खिळे पाडण्यांत आले. तथापि छपाईंत बालबोधच स्थिरावली, आणि मोडी दफ्तरांत राहून हळूहळू मागें पडली. कोणती लिपि चालावी हें विद्वानांच्या सभेइतकेंच खिळे पाडणारा कारागीरही ठरवितो. सरकता कळफलक हा अशा खिळ्यांचाच भाऊबंद होता. पाडलेलें अक्षर सुबक, टिकाऊ आणि बोटाला भरंवशाचें. परंतु तें बदलत नाहीं.

कांचेचा पडदा मात्र धूळपाटीसारखा आहे. धूळपाटीवर आतां 'अ' काढावा, पुसावा आणि 'क्ष' काढावा. युनिकोड या संकेतानें १९९१ पासून देवनागरी अक्षरांना संगणकांत निश्चित स्थान दिलेंच होतें. फोनांत देवनागरी ठसे आले आणि कळा कांचेवर उमटूं लागल्या, तेव्हां एकाच जागीं मराठी, कानडी वा उर्दू कळफलक मांडणें शक्य झालें. त्यासाठीं कोठल्याही कारखान्यांत नवा सांचा पाडावा लागला नाहीं. मुंबईच्या आयआयटींतील संशोधकांनीं २०१३ च्या सुमारास 'स्वरचक्र' नांवाचा कळफलक सिद्ध केला. त्यांत व्यंजनावर बोट ठेवलें कीं भोंवतीं चक्र उमटतें आणि त्यांत त्या अक्षराची बाराखडी दिसते. पाटीवर बाराखडी गिरविलेल्या मनुष्याला ही रीति शिकवावी लागत नाहीं. प्लॅस्टिकच्या कळांवर हें कधींही साधलें नसतें.

म्हणून सरकत्या कळफलकाविषयीं हळहळ वाटणें स्वाभाविक असलें, तरी ती हळहळ कोणाची हें पाहणें अगत्याचें आहे. न पाहतां लिहिणाऱ्या अंगठ्यांचें, आणि त्या कळांवर ज्यांचें संभाषण चाले त्या कर्णबधिर फोनधारकांचें एक सुख त्याबरोबर गेलें, हें खरें. परंतु ज्यांचीं अक्षरें त्या खणांत कधीं ठेवलींच नव्हतीं, त्यांना कांचेनें आपल्या लिपींत लिहिण्याची मोकळीक दिली. कारखानदारांनीं हें मराठीच्या प्रेमानें केलें असें नव्हे. त्यांना जाडी आणि खर्च कमी करावयाचा होता. तथापि इतिहासांत उपकार पुष्कळदां असे वाटेनें चालतांना घडून जातात. आतां मराठी लिहावयास कळ नाहीं ही सबब उरलेली नाहीं. आईला पत्र लिहावयाचें तर तें मराठींत लिहावें. साधनाकडून व्हावयाचें तें झालें आहे.