गिटारसमोरचे दोन मायक्रोफोन आणि अ‍ॅलन ब्लमलाइन

१/ अकूस्टिक गिटारचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण करताना दोन मायक्रोफोन एकमेकांपासून दूर ठेवावेत, की एकाच बिंदूवर आणून त्यांची तोंडे दोन दिशांना वळवावीत? प्रश्न तांत्रिक वाटतो. पण त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा नायक वयाच्या ३८ व्या वर्षी एका बॉम्बर विमानात मरण पावला. #धागा

२/ दूर ठेवण्याची पद्धत जुनी. १८८१ च्या पॅरिस विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेरने ऑपेराच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचे ट्रान्समीटर ओळीने मांडले आणि श्रोत्यांच्या हाती दोन-दोन कर्णे दिले, प्रत्येक कानाला एक. गायक रंगमंचावर कुठे सरकतो आहे, हे तारेच्या दुसऱ्या टोकालाही जाणवू लागले.

३/ पण तबकड्यांना हे साधले नाही. १९२७ मध्ये आंद्रेस सेगोव्हियाने लंडनमध्ये एचएमव्हीसाठी गिटार मुद्रित केली, तीही मोनोच. एकच खाच, एकच ध्वनी.

४/ डिसेंबर १९३१. ईएमआयचा २८ वर्षांचा अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन पेटंटसाठी अर्ज करतो (क्रमांक ३९४३२५). त्याच्या विचाराचा गाभा नीट समजून घेण्याजोगा आहे. कर्णा लावला की डावा कान फक्त डावा ध्वनी ऐकतो. खोलीतल्या दोन स्पीकरांसमोर मात्र दोन्ही कान दोन्ही स्पीकर ऐकतात. म्हणजे आदेरची युक्ती स्पीकरला जशीच्या तशी लागू होत नाही. ब्लमलाइनने दाखवले की, दोन स्पीकरांच्या आवाजाच्या तीव्रतेत नेमका फरक ठेवला, तर खालच्या स्वरांसाठी कानांपाशी वेळेचा फरक आपोआप निर्माण होतो, आणि दिशा ओळखण्यासाठी मेंदूला तोच लागतो.

५/ मग मायक्रोफोन दूर ठेवायचे कारणच काय? पुढेमागे ऐकणारे, बाजूंनी बहिरे असे दोन मायक्रोफोन एकाच जागी, एकमेकांशी ९० अंशांत ठेवायचे. ध्वनी दोघांपर्यंत एकाच क्षणी पोचतो. फरक उरतो तो फक्त तीव्रतेचा. ‘ब्लमलाइन जोडी’ ती हीच.

६/ गिटारसाठी याचे महत्त्व आकड्यांत पाहा. मायक्रोफोन दूर असतील आणि तारेपासून एकाचे अंतर दुसऱ्यापेक्षा १७ सेंटिमीटरने जास्त असेल, तर ध्वनी तिथे सुमारे अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो. हे दोन ध्वनी मोनोत मिसळले की १००० हर्ट्झच्या आसपास एकमेकांना खोडतात. वादक जरा हलला, की ही खोड दुसऱ्याच स्वराकडे सरकते. मोबाइलच्या एकाच स्पीकरवर गिटार पोकळ ऐकू येण्यामागे पुष्कळदा हेच असते.

७/ एका बिंदूवरच्या जोडीत हा धोका जवळजवळ उरत नाही. म्हणूनच अनेक अभियंते बाराव्या फ्रेटसमोर, सुमारे ३० सेंटिमीटरवर, अशी जोडी लावून सुरुवात करतात. थेट भोकासमोर लावली तर पेटीतल्या हवेचा गुमगुमाट सगळे गिळतो. मात्र ब्लमलाइनचे मायक्रोफोन मागची खोलीही तितक्याच निष्ठेने ऐकतात. उघड्या भिंतींच्या छोट्या खोलीत ती निष्ठा महागात पडते. तिथे फक्त पुढचे ऐकणारे मायक्रोफोन घेऊन केलेली एक्स-वाय जोडी बरी.

८/ दूरची पद्धत चूक, असे मात्र नव्हे. एप्रिल १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तीन मार्गांनी वॉशिंग्टनला ऐकवला, तो दूर मांडलेल्या मायक्रोफोनांनीच. त्या ध्वनीत एक मोकळेपणा असतो. पुढे फ्रेंच नभोवाणीने मध्यममार्ग काढला: १७ सेंटिमीटर अंतर, ११० अंशांचा कोन. गिटारसाठी मला व्यक्तिशः हीच तडजोड अधिक रुचते.

९/ जानेवारी १९३४ मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम मोझार्टच्या ‘ज्युपिटर’ सिंफनीची तालीम घेत असताना ब्लमलाइनने ती स्टिरिओत मुद्रित केली. ती मुद्रणे आजही ऐकता येतात. ईएमआयने मात्र त्यातून बाजारात काहीच आणले नाही. त्याला दूरदर्शनच्या आणि नंतर रडारच्या कामाला जुंपले गेले.

१०/ ७ जून १९४२ रोजी एच२एस रडारच्या चाचणीवर असलेले हॅलिफॅक्स विमान हेरफर्डशरमध्ये कोसळले. आतले ११ ही जण ठार झाले. त्यांत ब्लमलाइन होता. रडार गुप्त, म्हणून अपघातही गुप्त राहिला. त्याच्या पेटंटात खाचेच्या दोन भिंतींवर ४५-४५ अंशांत दोन ध्वनी कोरण्याची कल्पनाही होती. १९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या दुकानांत आल्या, त्या याच रचनेच्या. आणि विकत घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्याचे नाव ऐकले होते.