ऊसतोड स्त्रिया व गर्भाशय-शस्त्रक्रिया (बीड जिल्हा)

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये कमी वयात गर्भाशय काढण्याचे मोठे प्रमाण २०१९ मध्ये राज्यभर चर्चेत आले. विधानपरिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या अहवालानुसार, जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाली होती.

कारणे : नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोडीने खाडा केला की दंड बसतो. फडात शौचालय वा पुरेसे पाणी नसते. त्यामुळे पाळीच्या वा अंगावरून पाणी जाण्याच्या तक्रारींवर औषधोपचाराऐवजी ‘पिशवी काढणे’ हाच उपाय सुचवला जाई. कर्करोगाची भीतीही दाखवली जाई.

परिणाम : ही शस्त्रक्रिया कायमची असते. बीजांडकोशही काढल्यास इस्ट्रोजेन एकाएकी घटून अकाली रजोनिवृत्ती येते. अंगातून वाफा निघणे, झोपमोड, चिडचिड, उदासीनता आणि हाडांचा ठिसूळपणा ही तिची लक्षणे होत. बीजांडकोश राखले तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते.

उपाय : जिल्ह्यातील खाजगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी बंधनकारक करण्यात आली.