ओपन स्पेस आणि पार

आमच्या अहमदपुरात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत प्लॉटिंगचे जेवढे नकाशे झाले, त्यातल्या बहुतेकांत एक हिरवा चौकोन असतो. त्यावर लिहिलेलं असतं 'ओपन स्पेस'. नियमच आहे तसा. मोठ्या लेआउटमध्ये साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आता त्या हिरव्या चौकोनावर प्रत्यक्ष जाऊन बघा. गाजरगवत, कुणाच्या तरी बांधकामाची उरलेली खडी, एखादी बांधलेली म्हैस. माणूस शोधून सापडत नाही. उलट जुन्या गावात एखाद्या बोळाच्या तोंडाशी लिंबाखाली चार दगड टाकलेले असतात. ते कुठल्याच नकाशात नसतात, पण तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत कोणी ना कोणी बसलेलंच!

हे असं का होतं? आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याचं उत्तर पाठ असतं. वापरणाऱ्याला न विचारता केलेलं सॉफ्टवेअर सगळ्या टेस्ट पास होतं, फक्त ते कुणी वापरत नाही. पण गावाच्या बाबतीत हे उत्तर जरा घाईचं आहे. कारण 'विचारणं' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न उरतोच. आणि या प्रश्नाची फार मोठी परीक्षा आपल्याच लातूर जिल्ह्यात होऊन गेली आहे. पेपर सोडवावा लागला तो ज्यांनी सगळं गमावलं होतं अशा माणसांना. मी किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनाबद्दल बोलतोय.

तारीख ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक दमून झोपलेले, आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. अहमदपूर तसं लांब. इथून लातूर साठ-पासष्ट किलोमीटर, तिथून पुढे औसा ओलांडून किल्लारी. पण त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडेही लोक घराबाहेर झोपायचे. घराची भीती बसली होती, आणि ती भीती खोटी नव्हती. माणसं मारली ती भूकंपाने कमी, भिंतींनी जास्त. दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारेगार वाटणारं हेच घर त्या पहाटे अंगावर आलं. कित्येक ठिकाणी तर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंतीच तेवढ्या ढासळल्या.

मग शासनाने जागतिक बँकेच्या मदतीने मोठा कार्यक्रम हाती घेतला. सगळ्यात जास्त नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. गाव हलवायचं हे फक्त वरून लादलेलं नव्हतं. ज्या ढिगाऱ्यातून आपली माणसं काढली, त्या जागी परत राहायला बहुतेक लोक तयारच नव्हते. म्हणजे लोकांना विचारलं होतं की! "गाव हलवायचं का?" "हो, हलवा." प्रश्न विचारला गेला आणि उत्तरही मिळालं. पण त्याच्या पुढचे प्रश्न (गल्ली केवढी हवी, शेजारी कोण हवा, देऊळ कुठे, बसायचं कुठे) बऱ्याच गावांत नकाशावर पट्टी ठेवूनच सुटले.

जुनं गाव डोळ्यासमोर आणा. वेस. वेशीतून आत आलं की मारुती, त्याच्यासमोर पार, बाजूला चावडी. तिथून फुटलेल्या गल्ल्या, एवढ्या अरुंद की समोरून बैलगाडी आली तर माणसाने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. भावकी एका अंगाला. घराला घर लागून. एका माळवदावरून दुसऱ्या माळवदावर जाता येतं, वाळवणाला राखण लागत नाही. यातलं काहीही कुणी 'डिझाइन' केलेलं नव्हतं. दोन-तीनशे वर्षांत जसजशी गरज पडली तसं ते घडत गेलं.

नव्या गावांचे रस्ते सरळ आणि रुंद झाले. त्यामागे कारणही होतं. अरुंद बोळांत मदत पोचली नव्हती, पळायला वाट मिळाली नव्हती. घरांची मापं जमिनीच्या मालकीवरून ठरली. भूमिहीन आणि अगदी लहान शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. अनेक गावांत एका मापाची घरं एका भागात बांधली गेली. कंत्राटदाराच्या दृष्टीने हे सोयीचंच. पण त्याचा अर्थ असा झाला की सात पिढ्यांचे शेजारी गावाच्या दोन टोकांना गेले. थोरल्या भावाच्या नावावर जमीन जास्त, धाकट्याच्या कमी, म्हणजे दोन भाऊसुद्धा वेगळ्या ओळीत! गाव पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी पसरलं. म्हातारीला लेकीकडे जायचं तर उन्हातून लांबची पायपीट. मधे सावली नाही, टेकायला ओटा नाही. समाजमंदिरं, शाळा, ग्रामपंचायतीच्या इमारती नकाशात होत्या आणि बांधल्याही गेल्या. नव्हतं ते काय? वाटेत सहज भेट होईल अशी जागा.

पुढे काय झालं ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. लोकांनी नवी घरं मिळाल्याबरोबर त्यांना हात घातला. पुढे ओटा ओढला, मागे चुलीसाठी पत्र्याचं शेड टाकलं, भोवती भिंत घातली, दारात लिंब लावला. म्हणजे जे नकाशात राहून गेलं होतं ते लोक हळूहळू हाताने भरत होते. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर यूझर स्वतःच पॅच मारत होता. ज्याला आपण 'अतिक्रमण' म्हणतो, त्यातलं बरंचसं खरं तर उशिरा आलेलं उत्तर असतं. प्रश्न वेळेवर विचारला गेला नव्हता, एवढंच.

सगळीकडे असंच झालं असंही नाही. औसा तालुक्यातल्या मळकोंडजीला अहमदाबादच्या 'असाग' या संस्थेने लोकांशी बोलून, शेजार जपत गावाची आखणी केली. सहभागातून झालेल्या पुनर्वसनाचं उदाहरण म्हणून ते गाव अभ्यासकांच्या लिखाणात आजही येतं. तोच भूकंप, तोच तालुका, फरक फक्त पद्धतीत.

आता त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ५२ गावं ही बातमी होती. पण त्यापलीकडे शेकडो गावांत सुमारे दोन लाख घरं तडकली होती, ती जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. तिथे कंत्राटदार नव्हता. पैसे हप्त्याहप्त्याने मालकाला मिळणार, सामान त्याने आणायचं, गवंडी त्याने लावायचा, इंजिनिअरने तपासायचं. हे दोन लाख घरांपर्यंत समजावून कोण सांगणार? त्यासाठी 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेला सोबत घेतलं आणि गावोगावी महिला मंडळांमधून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. गावातल्याच बायका. कुणाला किती पैसे मिळतात, हप्ता का अडला, भिंतीत आरपार दगड का घालायचा, माळवदावरची माती कमी का करायची, हे त्या घरोघर जाऊन सांगायच्या. आणि इंजिनिअरला उलट प्रश्नही विचारायच्या.

यातून फक्त घरं दुरुस्त झाली असती तरी पुष्कळ होतं. पण घराची माहिती सांगायला बायका एकत्र बसणार कुठे? पारावर? पारावर बाई बसत नसे. इथे आपल्या जुन्या गावाच्या गोडव्याला जरा लगाम घालायला पाहिजे. पार सगळ्या गावाचा, असं आपण म्हणतो खरं. पण बायकांची बैठक आडावर आणि धुण्याच्या दगडावर. दलित वस्ती तर वेशीच्याच बाहेर. म्हणजे ज्या सार्वजनिक जागेसाठी आपण हळहळतो ती निम्म्याहून जास्त गावासाठी सार्वजनिक नव्हतीच. त्यामुळे 'लोकांना विचारा' असं म्हणताना कुठल्या लोकांना, हे आधी विचारावं लागतं. पारावर बसलेल्यांनाच विचारलं तर ते दुसरा पार मागतील!

संवाद सहायकांच्या कामाने हे कोडं थोडं तरी सोडवलं. बायका शाळेच्या ओसरीत बसू लागल्या, ग्रामसभेत येऊ लागल्या. पुढे काही गावांत महिला गटांनी स्वतःची माहिती केंद्रंही उभी केली. २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या याच बायका तिकडच्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या. गुजरातने तेव्हा गावं सरसकट हलवण्याऐवजी बहुतांश ठिकाणी जागच्या जागी, मालकाच्या हातून घरं बांधून घेण्याचा मार्ग धरला. त्यामागे लातूरचा धडा होता.

आता कुणी म्हणेल की मग नियोजनच नको, सगळं आपोआप घडू द्या. मला तसं वाटत नाही. उदाहरण जवळच आहे. लातूरची गंजगोलाई. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली, बाजारपेठ वाढली, आणि निजामाच्या काळात १९१७ मध्ये ही गोलाकार इमारत उभी राहिली. नगररचनाकार फय्याजुद्दीन यांची ही आखणी. मध्ये अंबाबाईचं देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. हे शंभर टक्के नकाशावर काढलेलं काम आहे, तरी ते शंभर वर्षं गजबजलेलं आहे. का? कारण लोक तिथे कशासाठी येतात याचं भान आखणीत होतं. सराफ, कापड, मिरची, गूळ... एकेका रस्त्याला एकेक व्यापार चिकटला, आणि मधोमध देवी. बाजाराला आलेला माणूस देवीला जातो, देवीला आलेली बाई बाजार करते. येण्याला एकच कारण असलेली जागा ते कारण संपलं की ओस पडते. गोलाईला कारणं पुष्कळ.

त्याच सुमाराला पॅट्रिक गेडिस नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ भारतात शहरं बघत हिंडत होता. मूळचा जीवशास्त्रज्ञ. १९१४ मध्ये इकडे आला, पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याची पद्धत अशी की आधी शहरातून पायी भटकायचं, कोण कुठे बसतं, पाणी कुठून भरतं, सावली कुठे आहे ते बघायचं आणि मगच पेन्सिल उचलायची. होळकरांच्या इंदुरात त्याने दिवाळीत मोठी मिरवणूक काढली होती. जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या भागात लोक जास्त साफसफाई आणि डागडुजी करतील तिथून जाईल. मग काय, गल्ल्या-गल्ल्यांत चढाओढ! मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीरही होता. शहर लोकांचं आहे हे त्याने भाषण न करता दाखवलं. इंदूरवरचा त्याचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

तर हे सगळं अहमदपूरला कसं लागू पडतं? आपल्याकडे शहराचा विकास आराखडा १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे होतो. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि मग 'हरकती व सूचना' मागवतात. म्हणजे लोकांना विचारतात, पण नकाशा झाल्यावर. तेव्हा हरकत कोण घेणार? ज्याच्या प्लॉटवर आरक्षण पडलं तो. लिंबाखालच्या चार दगडांच्या वतीने हरकत घ्यायला कोणी जात नाही, कारण ते दगड कुणाच्याच सातबाऱ्यावर नसतात.

मला वाटतं सुरुवात उलटीकडून करावी. आराखडा येण्याआधी. एखाद्या रविवारी गल्लीतल्या चार पोरापोरींनी वही घेऊन निघावं आणि नोंदवावं की सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला कोण कुठे बसलंय. म्हातारे कुठे, शाळकरी पोरं कुठे, बायका कुठे, आणि मुख्य म्हणजे कोण कुठेच बसलेलं दिसत नाही. न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट या माणसाने कॅमेरे लावून हेच केलं, आणि १९८० च्या त्याच्या पुस्तकातला एक मोठा निष्कर्ष अगदी साधा आहे: जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. हसू येतं, पण आपल्या किती 'ओपन स्पेस'मध्ये बसायला काही असतं?

अशी वही भरली तर हिरव्या चौकोनात काय हवं हे सांगायला बाहेरचा तज्ज्ञ लागणार नाही. कुठे नुसता एक ओटा आणि दोन लिंबं पुरतील. कुठे नळ लागेल, कुठे संध्याकाळी दिवा, म्हणजे बायकांना शतपावलीला येता येईल. याचा खर्च फार नाही. किल्लारीकडच्या लोकांना हे प्रश्न ढिगाऱ्याशेजारी तंबूत बसून सोडवावे लागले, तेही घाईत, दुःखात. आपल्याला तशी घाई नाही. निवांत वेळ आहे, घरं उभी आहेत, जुने शेजारी अजून शेजारीच आहेत.

असो. तुमच्या गल्लीत सकाळी सात वाजता कोण कुठे बसतं, हे एकदा बघून ठेवा.