तंजावरचे ग्रंथ आणि मुक्त मूलके

इसवी सन १७८७ मध्ये तंजावरचे तुळजाजी राजे वारले. त्यांचे दत्तक पुत्र सरफोजी तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचे होते. त्याच वर्षी पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि त्यांचे सहकारी यांनी रसायनशास्त्राची नवी परिभाषा प्रसिद्ध केली. आम्लामध्ये ऑक्सिजनशी संयोग पावलेला जो दुसरा घटक, त्यास तीत ‘रॅडिकल’ म्हटले होते. लॅटिनमधील ‘मूळ’ या अर्थाच्या शब्दापासून ते नाव आले. आपला ‘मूलक’ हा प्रतिशब्द म्हणूनच चपखल बसतो.

सरफोजी १७९८ साली गादीवर आले आणि पुढल्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. हाती राज्य नाही, पण ऐपत आहे, अशा वेळी इतर संस्थानिक काय करीत ते सांगावयास नको. या भोसल्याने देशोदेशींचे ग्रंथ जमविले, छापखाना घातला, धन्वंतरी महालात औषधांची पारख करविली. १८३२ मध्ये ते निवर्तले. त्याच साली जर्मनीत लीबिग आणि व्होलर यांनी कडू बदामाच्या तेलावर प्रयोग करून असे दाखविले, की बेंझॉइल नावाचा अणुसमूह एका संयुगातून दुसऱ्यात अभंग जातो. बिऱ्हाड बदलावे, पण कुटुंब मोडू नये, तसेच हे.

परंतु हे कुटुंब दोन बिऱ्हाडांच्या मधल्या वाटेवर कोणास दिसेना. १८४९ मध्ये फ्रँकलंड यांना एथिल मूलक सुटे सापडल्यासारखे वाटले. तो वायू दोन मूलके जुळून झालेला ब्यूटेन निघाला. अखेर सुटे मूलक असूच शकत नाही, असे मत रूढ झाले.

१९०० साली मिशिगन विद्यापीठातील मोझेस गोम्बर्ग वेगळेच संयुग करावयास गेले. हवा वगळून त्यांनी प्रयोग केला, तेव्हा पिवळा द्रव हाती आला. हवा लागताच रंग उडे व पेरॉक्साइड तयार होई. हेच ट्रायफेनिलमेथिल, पहिले मुक्त मूलक. तीन मोठ्या वलयांच्या आडोशाने ते टिकले होते. साधे मेथिल इतके भाग्यवान नाही. १९२९ मध्ये पानेथ यांनी नळीतील शिशाचा आरसा त्याच्याकडून पुसवून त्याचे अस्तित्व सिद्ध केले. त्याचे आयुष्य सेकंदाच्या काही सहस्रांशांचे भरले.

या उतावीळपणाचे कारण एकच : जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन. असे मूलक शेजारच्या रेणूतील हायड्रोजन हिसकावते. मग तो रेणू मूलक बनतो, ऑक्सिजन घेतो आणि पुढच्यावर तुटून पडतो. दोन मूलके परस्परांस भेटली, की ही साखळी तुटते.

सरफोजींच्या सरस्वती महालात हजारो हस्तलिखिते आहेत. संस्कृत, तमिळ, तेलुगू, आणि मराठीही. कागदावर प्रकाश पडला, की हीच साखळी सुरू होऊ शकते; पान पिवळे पडते, ठिसूळ होते, आणि मोडीचे एखादे अक्षर कायमचे गळते. पोथी कापडात बांधून ठेवण्याची जुनी चाल प्रकाश अडवते. ताडपत्रांना गवती चहाचे तेल लावण्याची दक्षिणेतील रीत मात्र कीड दूर ठेवण्यासाठी व पान लवचीक राहण्यासाठी आहे. ते तेलही हवेत याच मार्गाने बिघडते. ते पुन्हा पुन्हा लावावे लागते.