आविष्कार (संशोधन स्पर्धा)

आविष्कार ही महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी घेतली जाणारी आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा आहे. राज्यपाल हे राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे कुलपती असतात. त्यांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली. सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी ‘इंद्रधनुष्य’, क्रीडा प्रकारांसाठी ‘अश्वमेध’ आणि आपत्ती व्यवस्थापनासाठी ‘आव्हान’ हे आंतरविद्यापीठ उपक्रम आहेत. त्यांच्याच मालिकेत संशोधनासाठी ‘आविष्कार’ आहे. यजमानपद निरनिराळ्या विद्यापीठांकडे जाते.

हिंदीत ‘आविष्कार’ म्हणजे नव्या वस्तूचा शोध. मराठीत मात्र त्या शब्दाचा रूढ अर्थ अभिव्यक्ती किंवा प्रकटीकरण असा आहे. स्पर्धेचे स्वरूप पाहता मराठी अर्थच तिला अधिक लागू पडतो, कारण येथे शोध लावण्याइतकेच तो परीक्षकांसमोर प्रकट करण्याला महत्त्व आहे.

स्वरूप

मूळ रचनेत स्पर्धेचे सहा विभाग आहेत: मानव्यविद्या, भाषा व ललित कला, वाणिज्य, व्यवस्थापन व विधी, मूलभूत विज्ञान, शेती व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी व तंत्रज्ञान, वैद्यक व औषधनिर्माण. पदवी, पदव्युत्तर आणि त्यापुढील संशोधन अशा स्तरांवर स्वतंत्र निवड होते. त्यामुळे पदवीच्या विद्यार्थ्याला पीएच.डी. करणाऱ्या संशोधकाशी झुंजावे लागत नाही.

विद्यार्थी प्रथम भित्तिपत्रक किंवा प्रतिकृती मांडतो. परीक्षक त्यापाशी येऊन प्रश्न विचारतात. निवड झालेल्यांना पुढे ठरावीक मिनिटांत मौखिक सादरीकरण करावे लागते. विषयाची निवड, संशोधनपद्धती, निष्कर्ष आणि उपयुक्तता यांवर प्रश्न येतात. पाठ केलेले भाषण येथे फारसे टिकत नाही. नमुना किती घेतला, तुलना कशाशी केली, खर्च किती आला, या साध्या प्रश्नांवरच बहुधा निकाल ठरतो. महाविद्यालयातून जिल्हा वा विभागीय फेरी, तेथून विद्यापीठाची अंतिम फेरी आणि मग राज्यस्तर, असा चढता क्रम असतो. मुंबई विद्यापीठात या फेऱ्यांचे काम विद्यार्थी विकास विभाग पाहतो. या विद्यापीठाने राज्यस्तरावरील सर्वसाधारण विजेतेपद एकाहून अधिक वेळा मिळवले आहे.

भिवंडीचा संदर्भ

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहराच्या महानगरपालिकेच्या नावात आजही ‘निजामपूर’ जोडलेले आहे; निजामपुरा हा शहराचा जुना भाग. येथील भिवंडी निजामपूर नगरपालिका महाविद्यालय आणि जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्याने त्यांच्या विद्यार्थ्यांचा ‘आविष्कार’मधील मार्ग त्याच विद्यापीठाच्या फेऱ्यांतून जातो.

संशोधनाचा विषय शोधण्यासाठी या शहरातील विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. १८५७ नंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांमुळे येथील हातमाग वाढला आणि विसाव्या शतकात त्याची जागा यंत्रमागाने घेतली. साध्या यंत्रमागात ताण्याच्या धाग्यांमधून बाण्याचा धागा वाहून नेणारा धोटा एका बाजूकडून दुसरीकडे फटक्यानिशी फेकला जातो. त्यातून कानठळ्या बसवणारा आवाज होतो आणि सुताचे तंतू हवेत पसरतात. कांडीवरील सूत संपले की माग थांबवून ती बदलावी लागते. धागा तुटल्याचे वेळीच लक्षात आले नाही, तर कापडात दोष राहतो.

या अडचणींवरचे उपाय नेहमीच मोठ्या यंत्राच्या रूपात येत नाहीत. केंद्र सरकारच्या साध्या यंत्रमागांच्या जागेवरील उन्नतीकरण योजनेत ताण्याचा वा बाण्याचा धागा तुटताच माग थांबवणारी यंत्रणा, ताणा बेताने सोडणारी जोडणी, परिणामकारक ब्रेक आणि नायलॉनचे सुटे भाग यांसारख्या गोष्टी होत्या. संपूर्ण माग बदलण्यापेक्षा त्यावर छोटी भर घालावी, हा त्यामागचा विचार होता. विद्यार्थ्यांच्या संशोधनालाही हेच प्रमाण साजते. मागाचा आवाज मोजणे, कामगारांच्या श्रवणशक्तीचा अभ्यास, सायझिंग व रंगाईतील सांडपाणी, लहान कारखानदाराचा ताळेबंद, विणकरांच्या बोलीतील व्यवसायशब्द हे विषय स्पर्धेच्या वेगवेगळ्या विभागांत सहज बसतात.

स्पर्धा, पेटंट आणि उद्योग

संशोधनस्पर्धा आणि उद्योगकल्पनेची स्पर्धा यांत फरक आहे. आयआयटी मुंबईच्या उद्योजकता कक्षाची ‘युरेका’ ही व्यवसाय आराखड्यांची स्पर्धा आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’मध्ये मंत्रालये आणि संस्थांनी दिलेल्या प्रश्नांवर विद्यार्थी तोडगे काढतात. महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटीने २०२२ मध्ये काढलेल्या स्टार्टअप यात्रेत जिल्हा पातळीवर कल्पनांचे सादरीकरण झाले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नंतर विद्यापीठांत नवोपक्रम आणि नवउद्योगांना साहाय्य करणाऱ्या यंत्रणाही उभ्या राहिल्या. ‘आविष्कार’ यांच्या अलीकडे थांबतो: तो निष्कर्ष तपासतो, ग्राहक नाही.

मात्र ज्याला पुढे उद्योग उभारायचा आहे, त्याच्यासाठी व्यासपीठावर जाण्याआधीचा एक निर्णय निर्णायक ठरतो. पेटंट अधिनियम, १९७० नुसार शोध नवीन असावा लागतो आणि अर्जापूर्वीच तो लोकांसमोर उघड झाला असेल, तर नावीन्याचा दावा धोक्यात येतो. कलम ३१ मध्ये काही सवलती आहेत. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनातील मांडणी किंवा विद्वत्सभेपुढे शोधकर्त्याने वाचलेला निबंध यांना त्या लागू होतात आणि त्यानंतर १२ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. प्रत्येक महाविद्यालयीन स्पर्धा या व्याख्येत बसेलच असे नाही. म्हणून भित्तिपत्रकावर यंत्राचा संपूर्ण आराखडा छापण्याआधी तात्पुरत्या विनिर्देशासह अर्ज दाखल करणे हा सुरक्षित मार्ग समजला जातो. त्यानंतर पूर्ण विनिर्देश देण्यास १२ महिने मिळतात. दिलेल्या पेटंटची मुदत अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे असते. २०२१ मधील नियमदुरुस्तीने मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत दिली. अर्जाचा मसुदा तयार करून घेण्याचा व्यावसायिक खर्च त्यात येत नाही.

कापडाच्या नक्षीसारख्या गोष्टींना पेटंट नव्हे, तर डिझाईन अधिनियम, २००० खालील नोंदणी लागू होते. तिथेही आधी प्रसिद्ध झालेली नक्षी नोंदवता येत नाही. नोंदणीची मुदत प्रथम १० वर्षे असून ती आणखी ५ वर्षे वाढवता येते.