क्षयजंतूंच्या संवर्धनाच्या दोन रीती

राजयक्ष्म्याचें नांव आपल्या वैद्यकग्रंथांत प्राचीन काळापासून आढळतें. परंतु त्याचें कारण हातीं लागलें तें २४ मार्च १८८२ रोजीं. त्या दिवशीं रॉबर्ट कॉख यानें बर्लिन येथें आपला शोध जाहीर केला. जंतु रंगवून दाखविण्याइतकेंच, किंबहुना त्याहून अधिक, कठीण काम त्याला शरीराबाहेर वाढविण्याचें होतें. पुष्कळसे जंतु एका रात्रींत वाढतात. हा मात्र एकाचे दोन होण्यास सुमारें एक दिवस घेतो. गोठविलेल्या रक्तरसावर कॉखला त्याचे कण दिसूं लागले ते दुसऱ्या आठवड्यांत. संवर्धनाचा पुढील इतिहास म्हणजे या विलंबाशीं चाललेला झगडाच होय.

आमच्या मुलखाचा या रोगाशीं संबंध जुना आहे. १८८९ सालीं डॉ. विल्यम वानलेस सांगलीस आले. पुढें त्यांचें रुग्णालय मिरजेस उभें राहिलें आणि वानलेसवाडीस क्षयाचें आरोग्यधाम निघालें. सातारा जिल्ह्यांत पांचगणीस डॉ. बिलिमोरिया यांचें आरोग्यधाम होतें. हवा, विश्रांति आणि सकस अन्न यांवरच तेव्हां सारी भिस्त. जंतूला मारणारें औषध नव्हतेंच. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें, आणि १९५९ सालीं मद्रासच्या प्रयोगानें दाखविलें कीं, घरीं औषध घेणारा रोगी आरोग्यधामांतल्याइतकाच बरा होतो. डोंगराचें महत्त्व गेलें, तें परीक्षानळीकडे आलें. कारण औषधें आलीं तशी त्यांना दाद न देणारे जंतुही आले. आणि कोणतें औषध लागू पडेल हें ठरविण्यास जिवंत जंतु हाताशीं लागतो.

शिवाय, सूक्ष्मदर्शकाखालीं जंतु दिसण्यास एका मिलिलिटर थुंकींत ते पांच ते दहा हजार असावे लागतात. संवर्धनास दहा ते शंभर पुरतात.

पहिली रीत अंड्याच्या घट्ट माध्यमाची. ती लोवेन्स्टाइननें काढली व १९३२ सालीं जेन्सननें सुधारली. अंडें, बटाट्याचें पीठ, ग्लिसरीन यांत मॅलाकाइट ग्रीन हा रंग घालतात. तो इतर जंतूंना आवरतो. त्या हिरव्या पृष्ठावर पिवळट, खरखरीत पुंजके उठतात. खर्च थोडा, यंत्राची गरज नाहीं. पण तीन ते आठ आठवडे थांबावें लागतें.

दुसरी रीत द्रव माध्यमाची. नळीच्या तळाशीं असा पदार्थ बसविलेला असतो कीं, प्राणवायु असेपर्यंत त्याची चमक दबून राहते. जंतूंनीं तो वायु संपविला कीं चमक प्रकट होते व यंत्र ती टिपतें. सूक्ष्मदर्शकानें जंतु दिसलेल्या थुंकींत उत्तर बहुधा दोन आठवड्यांच्या आंत मिळतें. मात्र ‘जंतु नाहींत’ असें म्हणण्यास बेचाळीस दिवस लागतात. २००७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें गरीब व मध्यम देशांसही हिची शिफारस केली. दोष असा कीं, ही महाग, विजेवर अवलंबून, आणि हींत परक्या जंतूंचा शिरकाव अधिक. तो टाळण्यासाठीं थुंकी दाहक सोड्यानें धुवावी, तर जास्त धुतल्यास क्षयजंतुही मरतात.

दोन तासांत जंतूचें अनुवंशद्रव्य ओळखणारी परीक्षा २०१० पासून प्रचारांत आली आहे. तथापि ती मेलेला जंतुही मोजते. उपचार चालू असतां जंतु खरोखर मेले कीं नाहीं, हें सांगण्यास संवर्धनच हवें.

यांवरून एक रीत ठेवून दुसरी टाकावी, असें आम्हांस वाटत नाहीं. दोन्ही एकत्र वापरल्यास कोणत्याही एकीपेक्षां अधिक रोगी सांपडतात; म्हणून द्रव नळी वेगासाठीं आणि अंड्याची नळी आधारासाठीं असावी. हा प्रयोगशाळेचा शौक नव्हे. खेड्यांतील एका खोलीच्या घरांत खोकणारा बाप निकालाची वाट पाहत असतो, आणि त्याच खोलींत त्याचीं मुलें निजतात. वांचविलेल्या प्रत्येक आठवड्याचा हिशेब तेथें मांडावयाचा असतो.